बिरादार सरांचा पहिला पंधरवडा

बिरादार सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी फार कमी वेळा ऐकली. सराव थांबवायचा असला की ते दोन्ही हात वर करायचे आणि ओरडायचे, "साकू!"

साकू म्हणजे कानडीत 'पुरे'. सर उदगीरकडचे. त्यांच्या भागात बाजाराला जाणारा माणूस मराठी आणि कानडी एकाच पिशवीत घेऊन जातो. नांदेडच्या आमच्या कॉलेजात कानडी कुणालाच येत नव्हतं, पण हा एक शब्द आम्हा सगळ्या खेळाडूंच्या तोंडात बसला होता. मेसच्या मावशी भाजी वाढायला आल्या तरी आम्ही म्हणायचो, "साकू मावशी, साकू." मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "त्या सरानं सगळी पोरं उदगीरची करून टाकली. आता पोटसुदिक कानडीत भरायलंय तुमचं."

ते आमचे क्रीडा संचालक. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. कॉलेजात बाकीच्यांना विषय लावून ओळखत: इतिहासचे सर, अकाउंटचे सर. काहीही न लावता नुसते 'सर' म्हटले की ते बिरादार सर. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, चालताना थोडे पुढे झुकलेले. औतामागून चालणाऱ्या माणसाची चाल. रोज सकाळी आमच्या आधी येऊन, चपला काढून ते सगळं मैदान पायांखालून घालायचे. मैदान काळ्या मातीचं. पाऊस असला की पायाला धरायची, उघडीप पडली की भेगाळायची. "माती आज रुसलीया," असं ते म्हणाले की आम्ही समजायचो, आज नुसतं पळायचं, चेंडू नाही.

मी हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. फुटबॉल मी शाळेत थोडाफार खेळलो होतो, पण संघात नाव द्यायची हिंमत नव्हती. मैदानाच्या कडेला उभा होतो तेव्हा सरांनी बोलावलं.

"गाव कोणतं?"

मी सांगितलं.

"खुरपं धरलंस का कधी?"

"हाव सर. आताच खुरपणी करून आलो."

"मग मांड्यात जोर असंल. बॅकला उभा ऱ्हा."

एवढीच माझी निवड. अर्जही नाही, चाचणीही नाही. पुढे कॉलेज सुटेपर्यंत मी त्या संघात बचावाला खेळलो. मी फार मोठा खेळाडू कधीच नव्हतो, पण आज मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, चार लोकांत मान वर करून बोलतो. त्याची सुरुवात त्या "उभा ऱ्हा" पासून आहे, हे मला ठाऊक आहे.

सरांची सगळी विद्या शेतातून आलेली होती. पदवी होती, क्रीडाशास्त्राची पुस्तकंही कपाटात होती, पण बोलताना तोंडात बैलच यायचा. कुणी पास द्यायला उशीर केला की, "जोडीदाराकडं बघ की, एकटाच औत ओढलालास काय?" कुणी रुसून बसला की, "बसल्या बैलाला पराणी लागत न्हाई, पाणी लागतंय," म्हणून टोचून बोलायच्या ऐवजी स्वतः जाऊन त्याला पाणी द्यायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेले, घट्टे पडलेले खांदे लोणी आणि हळद लावून चोळतात, आणि बैलांच्या कानाशी आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." पोळ्याला आम्ही सगळे गावी जाणार, म्हणून सर त्याच्या दोन दिवस आधी मैदानावर आमची खांदमळणी करायचे. घरून वाटीभर लोणी आणि हळद आणायचे. आम्ही रांगेत पाय पसरून बसायचो आणि सर प्रत्येकाचे गुडघे चोळायचे. साठीकडे झुकलेला माणूस, आमच्यापुढे मातीत बसलेला. आम्हाला लाज वाटायची, गुदगुल्याही व्हायच्या. गुडघा चोळून झाला की गुडघ्यालाच म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या खेळायला या."

"सर, आमाला झूल कवा घालणार?" कुणीतरी विचारायचं.

"आधी शिंगं तर येऊ द्या मर्दा."

पोळा झाला की आमचा हंगाम सुरू व्हायचा, आणि हंगाम सुरू झाला की सरांचा तो प्रसिद्ध पहिला पंधरवडा.

त्यामागे एक गोष्ट होती. माझ्या आधीच्या काळात कॉलेजचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला गेला होता. पहिलाच सामना एका मोठ्या शहराच्या कॉलेजशी. समोरच्या पोरांचे बूट, त्यांची इंग्रजी, त्यांचे दोन-दोन प्रशिक्षक बघून आमची पोरं मैदानात उतरण्याआधीच गळाली. किती गोल खाल्ले हे सर कधी सांगायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "पोरं हरली न्हाईत, दबली. दबणं वाईट."

त्यावर सरांनी काढलेला उपाय असा: हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यातच सगळ्यात दांडग्या संघांशी सामने ठेवायचे. पोलिसांचा संघ, फौजेतून सुटून आलेल्या खेळाडूंचा संघ, हैदराबादचा एखादा क्लब. सर फोनवर फोन करून त्यांना बोलवायचे, त्यांची राहायची सोय करायचे. हरा, तुडवले जा, पण भीती तिथेच जिरू द्या. मग स्पर्धेतले संघ आपोआप लहान दिसतात. "गोऱ्ह्याला पहिल्याच हंगामात जड औत दाखवावं," ते म्हणत. "खांदा सोलंल, पण घट्टा पडंल. घट्टा पडला की जू जड लागत न्हाई."

आणि ते खरं ठरत होतं. आमच्या पहिल्या वर्षी संघ उपांत्य फेरीत गेला. आमच्यासारखी खेड्यातली पोरं मोठ्या शहराच्या पोरांच्या डोळ्याला डोळा भिडवून खेळली. कॉलेजच्या फाटकात गुलाल उधळला, प्राचार्यांनी सरांना हार घातला. आजूबाजूच्या कॉलेजांचे क्रीडाशिक्षक त्यांना विचारायला येऊ लागले. सर हातचं काही राखून ठेवणारे नव्हते. मैदानाच्या कडेला काडीने मातीवर रेघा मारून त्यांनी प्रत्येकाला समजावलं: पहिला पंधरवडा असा, मग विश्रांती, मग स्पर्धा. दोन वर्षांत आमच्या भागातले बहुतेक संघ तसंच करू लागले.

या गोष्टीला दुसरी बाजू होती, आणि ती आमच्या बाकावर बसलेली असायची. स्पर्धा येईपर्यंत संघातले तीन-चार जण लंगडत असायचे. कुणाची मांडी आखडलेली, कुणाचा घोटा सुजलेला. आम्ही त्या बाकाला 'दवाखाना' म्हणायचो. नवीन कुणी लंगडत आला की आधी बसलेले सरकून जागा द्यायचे, "या, नंबर लावा." दर वर्षी बाक भरायचा आणि दर वर्षी आम्ही हसायचो. सरही हसायचे. "घट्टा पडलालाय," म्हणायचे. पावसाळ्यात सराव बुडवून गावी शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन राबलेली, पळण्याची सवय मोडलेली पोरं आठवड्यात तीन जबर सामने खेळतात, म्हणून ती पडतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती कच्च्या हाडाची असतील, असंच सगळ्यांना वाटायचं.

बालाजीला सरांनीच शोधून आणलं होतं. तो रेणापूर तालुक्यातल्या एका गावचा. लातूरला शाळांची स्पर्धा होती, तिथे सरांनी त्याला बघितलं आणि स्पर्धा संपायच्या आत त्याच्या घरी जाऊन बसले. वडील नव्हते. आई होती, मामाच्या मदतीने शेत बघायची. पोरगा डाव्या पायाचा, हरणासारखा, आणि त्याचं एकच स्वप्न: पोलीस भरती. बालाजी सांगायचा, सर त्याच्या आईला म्हणाले होते, "अक्का, पोरगं नांदेडला येऊ द्या. पदवी बी होईल, खेळाडूचं प्रमाणपत्र बी मिळंल. वर्दी घालून तुमच्या दारात आणून उभा करतो."

आईने विचारलं, "पडलं-झडलं तर?"

"मी हाय की."

होस्टेलवर बालाजी माझ्याच खोलीत होता. कमी बोलायचा. सकाळी अंधारातच उठून धावायला जायचा, भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी. सरांचा त्याच्यावर जीव होता आणि ते लपवता येत नव्हतं. खांदमळणीच्या वेळी त्याच्या गुडघ्याला लोणी जरा जास्तच लागायचं. आम्ही ओरडायचो, "सर, आमी काय भाकड हाव का?"

आमच्या तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर पावसाने ओढ दिली. मैदान उन्हाने तडकलं. सरांनी तीन सामने ठरवले होते, तिन्ही एकाच आठवड्यात. पोलिसांशी हरलो. हैदराबादच्या क्लबशी बरोबरी केली, आणि तो गोल बालाजीचा. त्या संध्याकाळी तो खोलीत पाय लांब करून बसला होता. दुसऱ्या दिवशी मैदानावर तो सरांकडे गेला तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, गुडघा जड वाटलालाय."

सरांनी बसून गुडघा दाबून बघितला. "सूज हाय का?"

"सूज न्हाई. नुसतं जड."

"पाणी कमी पिलास काय? उद्याच्याला गरम झाला की सुटंल."

बालाजी मान हलवून गेला. त्याला भरतीसाठी प्रमाणपत्र हवं होतं, प्रमाणपत्रासाठी संघात राहायचं होतं. आणि सरांचा शब्द होता.

तिसरा सामना फौजेतून सुटलेल्यांच्या संघाशी. उत्तरार्धात बालाजी एकदा थांबला, कमरेवर हात ठेवले आणि कडेला उभ्या सरांकडे बघितलं. ती नजर आम्ही सगळे ओळखत होतो. तो 'साकू'ची वाट बघत होता. सरांनी दोन्ही हात वर केले. बालाजीचा चेहरा सैल झालेला मी बघितला. पण वर गेलेल्या हातांनी सरांनी टाळ्या वाजवल्या. "चल, चल, चल! डरू नको!"

तो पळाला. चेंडू घेऊन डाव्या पायावर वळला, बुटाचा तळ मातीच्या भेगेत रुतला. अंग वळलं, गुडघा तिथेच राहिला. आसपास कुणीही नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. तो एकटाच खाली बसला, आपण का बसलो हे त्याला कळलं नसावं असा.

"साकू!" सर ओरडत आत धावले. "साकू! साकू!"

पंचांना तो शब्द माहीत नव्हता. खेळ थोडा वेळ तसाच चालू राहिला. सरांच्या गळ्यात शिट्टी होती, पण ती त्यांना आठवली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आतलं लिगामेंट तुटलं आहे. ऑपरेशन झालं. तेवढे दिवस सर वॉर्डाच्या बाहेर बाकावरच असायचे. घरी जाऊन अंघोळ करून परत यायचे. बालाजीची आई रेणापूरहून आली. पोराच्या पायाकडे बघून पदर तोंडाला लावला. मग पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढलं आणि सरांना विचारलं, "सर, तुमी जेवलात का?"

सर वळून बाहेर गेले. जिन्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून ते कितीतरी वेळ उभे होते. नंतर कधीतरी मला म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या अक्कानं तर बरं झालं असतं. जेवलात का इचारलं."

पदवी झाल्यावर बालाजी लातूरला भरतीला उभा राहिला. मी सोबत गेलो होतो. गुडघा बरा झाला आहे असं तो सगळ्यांना सांगत होता. सकाळी मैदानाच्या फाटकाशी पोचलो तर सर आधीच येऊन उभे. नांदेडहून निघायचं तर किती लवकर निघावं लागलं असेल! आत सोडत नव्हते. आम्ही दोघं बाहेर, भिंतीच्या कडेला. आतून शिट्ट्या ऐकू यायच्या आणि प्रत्येक शिट्टीला सरांचा हात गळ्याकडे जायचा, जिथे त्या दिवशी शिट्टी नव्हती.

बालाजी चालत बाहेर आला. चालतच आला, यावरून कळलं. तोच म्हणाला, "सर, पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग पाय ऐकना. वेळेत बसलो न्हाई."

"चल, च्या घेऊ," सर म्हणाले.

तिघांनी चहा घेतला. बालाजी सरांना समजावत होता, पुढच्या भरतीला बघू, तुम्ही घरी जा, ऊन होईल. सर बशीत चहा ओतून बशीकडेच बघत होते.

मी पुढच्या शिक्षणासाठी त्याच कॉलेजात राहिलो, म्हणून पुढचं बघितलं. पोळ्याआधी आम्ही पाय पसरून बसलो. सर लोणी घेऊन आलेच नाहीत. त्या वर्षी पहिल्या पंधरवड्यात एकही मोठा सामना नव्हता. नुसतं चालणं, हळू पळणं, मग जवळच्या लहान संघांशी खेळणं, मध्ये दोन-दोन दिवस विश्रांती. बाक रिकामा राहिला. स्पर्धेत मात्र आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "बिरादार, पोरं तुम्ही फार जपता आहात. खेळ आहे का बालवाडी?" सर म्हणाले, "जपलालो, सर. खरं हाय."

स्पर्धेचं वेळापत्रक ठरवायच्या बैठकीला ते मला कर्णधार म्हणून सोबत घेऊन गेले. आजूबाजूच्या कॉलेजांचे सगळे क्रीडाशिक्षक होते. सर उठून म्हणाले, पहिल्या फेऱ्या सलग ठेवू नका, मध्ये दिवस सोडा, आणि हंगामाच्या सुरुवातीला पोरांना जड सामने देऊ नका. कुणीतरी हसून म्हणालं, "सर, ही तर तुमचीच शिकवण की! तुमीच काडीनं रेघा मारून दाखविल्या आमाला."

सगळे हसले. वाईट मनाने नाही. त्यांना सर आवडायचे.

सर उभेच होते. "मी चुकीचं शिकिवलं," ते म्हणाले. "घट्टा खांद्याला पडतो. गुडघ्याला पडत न्हाई. हे मला कळाया पायजे हुतं."

मग चहा आला, बिस्किटं आली, आणि वेळापत्रक सोयीचं होतं तसंच ठरलं. मैदानं मिळत नाहीत, सुट्ट्या येतात, परीक्षा येतात. परत येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. एवढंच बोलले, "पेरलेलं उगवून आलं. आता उपटू म्हटलं तरी दुसऱ्याच्या रानात हाय."

निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही ते दर वर्षी पोळ्यानंतर दुसऱ्यांच्या मैदानांवर जाऊन उभे राहायचे. कुणी पोरगा कमरेवर हात ठेवून थांबला की दोरीच्या बाहेरून ओरडायचे, "साकू!" खेळणारे वळून बघायचे. कोण हा म्हातारा, म्हणायचे. एका मैदानावर त्यांना हाताला धरून बाहेर नेल्याचंही मी ऐकलं. ते मला कुणी हसत सांगितलं होतं. मला हसता आलं नाही.

त्या काळात मी त्यांना एकदा भेटलो, नोकरी लागल्याचे पेढे घेऊन. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी पहिलं विचारलं, "गुडघे बरे हाईत ना?"

सर आता नाहीत. मी त्यांना शेवटचं बघितलं ते बालाजीच्या दारात, पोळ्याच्या आदल्या दिवशी. लातूरला काही कामासाठी गेलो होतो, म्हटलं रेणापूरकडे जाऊन यावं. तिथे कळलं, सर दर वर्षी या दिवशी येतात. खूप वाळले होते. बालाजी आता शेती करतो, दोन लेकरं आहेत, आई थकली आहे. त्याला उकिडवं बसता येत नाही, म्हणून अंगणात त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असते.

खांदमळणी सरांनीच केली. दोन्ही बैलांचे खांदे हळू हळू चोळले, कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." लेकरं टाळ्या पिटत होती. वाटीत लोणी उरलं होतं. ते घेऊन सर बालाजीच्या खुर्चीपुढे आले आणि खूप कष्टाने, एक हात जमिनीला टेकवून, मातीत बसले.

"सर, ऱ्हाऊ द्या. लेकरं बघलालेत."

सरांनी पँटचा पाय वर सारला. ऑपरेशनचा व्रण होता. त्यावरून हळद-लोण्याची बोटं फिरू लागली. कितीतरी वर्षांनी सर कुणाचा गुडघा चोळत होते.

"आज आवतन घ्या," सर म्हणाले. "उद्या..."

आणि तिथेच थांबले. बोटं मात्र फिरतच होती.

बालाजी म्हणाला, "उद्या जेवायला या, म्हना की सर. मायनं पुरण घातलंय."

सरांची मान हलली. ते चोळतच राहिले. व्रण पिवळा झाला, गुडघा पिवळा झाला, लोणी कधीच जिरलं होतं, तरी चोळत राहिले. तेव्हा बालाजीने वाकून त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"साकू, सर," तो म्हणाला. "साकू."